उजव्या काखेची शिवण

१२ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तेव्हा अर्धाच मानून घे. तुझा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस.

सोळा वर्षांनी लिहिते आहे आणि कामापुरतंच लिहिते आहे. आई गेली तेव्हा आपल्यात चार वाक्यं झाली होती, त्यातली दोन तिच्या औषधांच्या बाटल्या टाकायच्या की कुणाला द्यायच्या याबद्दल होती. त्यावरून ओळख, मला गप्पा मारायच्या नाहीत.

माझी मुलगी तेराची झाली. घरात तिला चिमी म्हणतो, पण नाव ठेवलं तेव्हा ती इतकुशी होती, आता माझ्या डोक्यावरून बघते. दार लावते ते खालच्या मजल्यापर्यंत कळतं. तिला कराटे, ज्युदो, बॉक्सिंग यांपैकी काहीतरी शिकायचं आहे. काय ते तिचंही नक्की नाही. मोबाईलवर कोणीतरी उंच उडी मारून लाथ मारताना दिसलं की कराटे, आणि दोघं जमिनीवर एकमेकांत गुंतलेले दिसले की ज्युदो. परवा स्वयंपाकघरात लाथेचा सराव चालला होता, दूध ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्या पायावर. छंद म्हणून शिकायचंय, दुसरं काही नाही.

मला दोनच गोष्टी सांग. तिच्यासारख्या दांडग्या मुलीला कोणती विद्या बरी? आणि चांगली शाळा ओळखायची कशी? तू जन्मभर हेच शिकवलंस. आणि इथे मला विचारायला दुसरं कोणी नाही, हे लिहिताना माझा हात जड होतो आहे.

तुझ्याकडे पाठवायचा प्रश्नच नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुला नाही म्हणायचे कष्ट नकोत.

धाकटी

३० जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग. "विद्या कोणतीही चालेल, माणूस बघ. आधी पडायला शिकवतात का ते बघ. पट्टा किती महिन्यांत देता विचार. प्रश्न विचारलेला खपतो का बघ." चार वाक्यं. माझी तब्येत कशी आहे हे पाचवं वाक्य सुचलं नाही. असो. मीही तुझी विचारली नव्हती.

तुझं ऐकून तीन शाळा पाहिल्या. हातातलं काम संपल्यावर, पाय ओढत.

पहिली बँकेच्या वरच्या मजल्यावर. चारी भिंतींना आरसे, सर पांढरेशुभ्र, दात त्याहून शुभ्र. मी विचारलं, काळा पट्टा कधी मिळतो? म्हणाले, पंधरा महिन्यांत, खात्रीने. मी म्हटलं, आणि मिळाला नाही तर? म्हणाले, आपल्याकडे मिळतोच. मुलं हवेत ठोसे मारत होती, सगळी एकदम, सुंदर दिसत होतं. तासाभरात कोणी कोणाला हात लावला नाही. चिमी खूश. मला तर आपण कपड्यांच्या दुकानात आलोय असं वाटलं.

दुसरी छापखान्याच्या मागच्या गोदामात. तिथले गुरुजी ओरडूनच बोलतात. एक मुलगी खाली दाबली गेली होती, गादीवर हात आपटून टॅप करत होती, म्हणजे सोड म्हणत होती, आणि गुरुजी वर उभे राहून मोजत होते, "आणखी पाच, आणखी चार." मी चिमीचा हात धरून जिना उतरले. ती म्हणाली, आई, हात किती घट्ट धरलास. मी म्हटलं, जिना उंच आहे. चारच पायऱ्या होत्या.

तिसरीकडची बाई चांगली, पण तिथे पोरं चेंडू खेळत होती. शाळा कसली, पाळणाघरच ते.

खरं सांगायचं तर या तिघांकडे जायची गरजच नव्हती. माझं काम काय आहे तुला माहीत नसेल. आधी कपड्यांच्या कारखान्यात होते, पण कटिंगच्या टेबलावर हात लांब करून उभं राहता येईना म्हणून ते काम सोडावं लागलं. आता खेळाच्या सामानाच्या एका दुकानासाठी दुरुस्ती करते. दुकानवाले काका निरनिराळ्या शाळांच्या सरावाच्या जाकिटांचे गठ्ठे घरी आणून टाकतात, मी खिडकीजवळ मशीनवर बसून फाटलेलं शिवते. बारा वर्षं हेच. त्यामुळे कुठल्या शाळेत काय चालतं ते मला कापडावरून कळतं. आरसेवाल्यांच्या जाकिटांना कधी भोक पडत नाही, तिथून फक्त छातीवरचे बिल्ले शिवायला येतात. गोदामवाल्यांची काखेत फाटतात. तीही मागच्या अंगाला, करंगळीएवढी. ओढाओढीत शिवण जाते ती पुढून. मागून जाते ती हात पाठीवर नेऊन वर दाबत राहिलं की, आणि वेळेत सोडलं नाही की. ते मला कोणी शिकवायला नको.

इतकं लिहून दमले. दुसरी एखादी शाळा माहीत असेल तर कळव.

धाकटी

१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं दुसरं कार्ड आलं. "चिमीला का शिकायचंय ते खरं सांग." तुला लांबून वास येतो की काय? मी काहीही लपवलं की आई नुसती माझ्याकडे बघायची, तू बघायचासही नाहीस, सरळ विचारायचास. 

ठीक. छंद वगैरे काही नाही. नोव्हेंबरमध्ये शाळेत तिचं वर्गातल्या एका मुलीशी भांडण झालं. कशावरून, तर बाकावरच्या जागेवरून. चिमीने तिचं मनगट धरलं आणि पिरगळलं. ती मुलगी "सोड, सोड" म्हणत होती, असं सगळा वर्ग सांगतो. चिमीने सोडलं नाही. मनगटाचं हाड मोडलं. 

मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला बोलावलं. हे मान खाली घालून बसले होते. बाई म्हणाल्या, मुलीत ताकद आहे, ती कुठेतरी शिस्तीत घाला, नाहीतर पुढच्या वेळी शाळेत ठेवता येणार नाही. वर्ष संपेपर्यंतची मुदत आहे. त्या मुलीच्या आईला भेटायला गेले तर तिने दार अर्धंच उघडलं. त्या दाराच्या आतल्या बाजूला मी सोळा वर्षं उभी आहे, त्या दिवशी बाहेर उभी राहिले.

घरी येऊन चिमीला विचारलं, ती सोड म्हणत होती, ऐकू आलं नाही का तुला? म्हणाली, आलं. मग? तर म्हणाली, "सोडलं असतं तर सगळे म्हणाले असते मी घाबरले."

दादा, मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. पोरगी मामावर गेली आहे. तुझं तोंडही न बघता तुझ्यावर गेली आहे.

तुझ्या त्या नियमाची आठवण आहे ना? परक्याने एकदा टॅप केलं की सोडायचं, घरच्याने तीनदा केल्याशिवाय नाही. कोणी म्हणू नये की मास्तरची बहीण आहे म्हणून हिला सवलत मिळते. मी तुझी पहिली विद्यार्थिनी आणि घरची एकटीच, म्हणजे तो नियम माझ्यासाठीच. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, इतकी मी खुळी. परीक्षेच्या दिवशी सगळे पालक खुर्च्यांवर बसले होते आणि तू माझा उजवा हात पाठीवर नेऊन दाबला होतास. मी एकदा टॅप केलं. तू धरूनच ठेवलंस. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा हात उचलला तो गादीवर पडला की नाही मला आठवत नाही, कारण त्याआधी खांद्यातून आवाज आला होता.

दवाखान्यात तू आलास आणि पलंगाजवळ उभा राहून म्हणालास, "दुसऱ्यांदा तू हळू केलंस." एवढंच. दुखतंय का, हे विचारलं नाहीस. हात वर जातो का, तेही नाही. म्हणे, मी हळू केलं.

आता मला सोडायला शिकवणारी शाळा हवी आहे. धरायला तर ती जन्मतःच शिकून आली आहे.

धाकटी

२ मार्च

दादा,

यावेळी तुझं कार्ड नाही. दहा-बारा दिवस रोज जिन्यातली पेटी बघितली. राग आला असेल तर येऊ दे. मला अजून एक सांगायचं आहे, आणि ते तुझं उत्तर नसताना सांगणंच सोपं आहे.

पत्ता कुठून मिळाला विचारू नकोस म्हणाले होते. तुझा पत्ता माझ्याकडे चार वर्षं आहे. दुकानवाल्या काकांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठी असते, तिच्यावर असतो.

चार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या एका शाळेचा पहिला गठ्ठा आला. जाकिटं जुनी, पण धुतलेली. दोन-तीन ठिकाणी कोणीतरी हातानेच ठिगळं लावलेली, दुहेरी दोऱ्याने, आणि गाठ वरच्या बाजूला. आपल्याला आईने एकाच दुपारी शिवायला शिकवलं होतं. मी गाठ आत घ्यायला शिकले आणि तू शेवटपर्यंत वर ठेवायचास. ती म्हणायची, याची गाठ जगाला दिसलीच पाहिजे. मी ते जाकीट मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोणास ठाऊक. चहा निवून गेला.

काकांना सांगून तो गठ्ठा परत करता आला असता. नाही केला. चार वर्षं तुझ्या पोरांची जाकिटं शिवते आहे, दर महिन्याला. का, ते आज लिहिते. प्रत्येक जाकीट आलं की मी आधी ते उलटं करायचे आणि उजव्या काखेची मागची शिवण बघायचे. मला ती फाटलेली हवी होती. एक जरी सापडली असती तरी मी सुखाने रागावले असते उरलेलं आयुष्य.

सापडली नाही. पाठी झिजून पातळ झालेल्या, म्हणजे पोरं शंभरदा पडतात आणि उठतात. कोपरं गेलेली. गळ्याच्या पट्ट्या धरून धरून विरलेल्या. आणि काखा शाबूत. लहानांच्या, मोठ्यांच्या, मुलींच्याही. बारा वर्षांत माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यांत इतकं चांगलं झिजलेलं कापड दुसरं नाही. दुसऱ्या कुणाची शाळा असती तर मी चिमीला तिथे नेऊन सोडलं असतं, आरसे आणि गोदामं बघत फिरले नसते. 

मी थकले आहे दादा. खांदा दुखतो त्याची सवय झाली, पण रोज सकाळी उठून तुझ्यावर नव्याने रागवायचं, हे काम मशीनपेक्षा जड आहे.

तू नियम बदललास का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

धाकटी

९ मार्च

दादा,

यावेळी कार्ड नाही, पाकीट आलं. आत अर्धा कागद. तीनदा वाचला. हेही वाचून गेले आणि भांडी घासायला लागले. असं ते वर्षातून एकदा करतात.

तू लिहितोस, "एका टॅपला सोडतो. बहुतेक वेळा टॅपच्या आधीच सोडतो, तोंडावरून कळतं. नियम तू दवाखान्यात होतीस त्या आठवड्यात फळ्यावरून पुसला. पण खरं विचारशील तर बदलला की नाही मला माहीत नाही, कारण घरचं कोणी पुन्हा गादीवर आलंच नाही."

हे शेवटचं लिहिलं नसतंस तर मला बरं वाटलं असतं. आणि लिहिलंस म्हणूनच तुझ्यावर थोडा विश्वास बसला. काय करू मी या दोन्हीचं?

चार वर्षं जी जाकिटं बघितली ती परक्यांची. परक्यांना तर तू तेव्हाही एकदाच टॅप केल्यावर सोडायचास. म्हणजे माझी एवढी तपासणी फुकट गेली.

मी विचार केला, चिमीला परकी म्हणून पाठवावं. आईचं नाव सांगायचं नाही, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायचं. सोपं झालं असतं. पण मग ती तुझ्याकडे काय शिकणार? आणि मी दर महिन्याला जाकीट उलटं करून काय बघणार?

तेव्हा ती घरची म्हणून येते आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळची बस धरून. तिला सांगितलं आहे की हा तुझा मामा आणि त्याने माझा खांदा मोडला. लपवाछपवी नको. तिने विचारलं, मग तू मला त्याच्याकडेच का पाठवतेस? मी म्हटलं, सोडलं नाही तर पुढे काय होतं, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही.

जाकीट नवं आहे, मीच शिवलं आहे. बाहीत काही वेगळं वाटलं तर विचारू नकोस, तसंच राहू दे. ती जेवून येईल, मध्ये काही देऊ नकोस, नाहीतर घरी जेवत नाही.

दादा, ती जोरात टॅप करेल. तिचं सगळंच जोरात असतं. ऐकू आलं नाही, असं यावेळी म्हणता येणार नाही.

धाकटी

१४ एप्रिल

दादा,

काल काकांनी तुझ्या शाळेचा गठ्ठा आणला. चिमीचं जाकीट वरूनच तिसरं होतं. एका महिन्यात कोपरं खलास, गळा ताणलेला, आणि पाठीला अंगणभर लोळल्यासारखा मळ. 

आता सांगते. उजव्या काखेत, मागच्या अंगाला, करंगळीएवढ्या जागेत मी पक्की शिवण घातलीच नव्हती. नुसता धावदोरा घातला होता, आपण कापड माप घ्यायला तात्पुरतं टाचतो तसा. हात मागे नेऊन थोडा जरी जास्त दाबला असतास तर हाडाच्या आधी तो दोरा तुटला असता. पोरीला तुझ्याकडे पाठवून मी महिनाभर या एका दोऱ्याच्या भरवशावर झोपले. झोपले म्हणजे काय, पडून राहिले. बस यायच्या वेळी खिडकीत, ती जिना चढताना उजवा हात कठड्याला लावते का ते बघत.

जाकीट उलटं केलं. खिडकीजवळ नेलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. धावदोरा जसा घातला तसा. सैलसुद्धा नाही झालेला. मी तिथेच रडले, मशीनवर डोकं ठेवून, काका दारात असताना. ते बिचारे म्हणाले, ताई, कापड खराब निघालं का?

मग दोरा काढला आणि पक्की शिवण घातली.

गठ्ठ्याच्या तळाशी एक मोठ्या मापाचं जाकीट होतं. जुनं, पट्ट्याच्या जागी पिवळं पडलेलं, कोपराजवळ ठिगळ, गाठ वर. तुझं जाकीट तू कधी दुरुस्तीला पाठवत नाहीस, निदान या चार वर्षांत आलेलं नाही. सवयीने उलटं केलं. उजवी काख, मागची बाजू, वीतभर फाटलेली. 

चिमीला शाळेतून आल्या आल्या धरलं. तू पहिल्या दिवशी तिला स्वतःचा हात दिलास म्हणे. पिरगळ, आणि मी टॅप केलं की सोड. तू एकदा टॅप केलंस. तिने सोडलं नाही. दुसऱ्यांदा केलंस. तिसऱ्यांदा केलंस तेव्हा फाटल्याचा आवाज झाला आणि ती घाबरून उठली. मी विचारलं, मामा ओरडला? म्हणाली, नाही, खाली बसून राहिला थोडा वेळ, खांदा धरून. मग म्हणाला, "घरचीच आहे." आणि डावा हात पुढे करून म्हणाला, परत.

प्रत्येक वेळी परत. महिनाभर. आता ती पहिल्याच टॅपला सोडते, परवा तर आधीच सोडलं, तुझ्या तोंडावरून कळलं म्हणे. मनगट मोडलेल्या त्या मुलीच्या घरी रविवारी ती स्वतःहून जाऊन आली. दार पूर्ण उघडलं की नाही ते मी विचारलं नाही.

तुझं जाकीट शिवलं आहे. दुहेरी दोरा, दोनदा टीप, गाठ आतल्या बाजूला. आता कोणी कितीही ओढलं तरी शिवण उसवायची नाही, तेव्हा यापुढे तुझं तू सांभाळ. गठ्ठ्यात घालत नाही. शनिवारी चिमीबरोबर मीच घेऊन येईन.

तोपर्यंत एका गोष्टीचं उत्तर कार्डावर लिही. सोळा वर्षं मला ती कोणीतरी विचारावी म्हणून वाट बघितली, आणि आता मीच तुला विचारते आहे.

दुखतंय का? हात वर जातो का?

धाकटी